राउटर कुणाच्या ताब्यात?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांच्या कार्यालयांत 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने एक ई-मेल येऊन पडला होता. त्या मेलचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका उंच इमारतीतल्या फ्लॅटच्या दारात पोहोचल्या. घरात एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह भाड्याने राहत होता आणि त्याच्या वायफाय राउटरला पासवर्ड नव्हता. दहशतवादविरोधी पथकाने त्याचे संगणक तपासले आणि त्याची कसून चौकशी केली. त्याचा कटाशी काही संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. कुणीतरी त्या वायफायच्या टप्प्यात येऊन मेल पाठवला आणि निघून गेला होता. मागे राहिला तो त्या भाडेकरूच्या जोडणीचा आयपी पत्ता.

तो प्रकार तेवढ्यावर थांबला नाही. २३ ऑगस्टला दुसरा मेल गेला, माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्ली हादरली, तेव्हाचा मेल निघाला चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या जोडणीतून. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये वाराणसीत स्फोट झाला आणि मेलचा माग पुन्हा नवी मुंबईतच, वाशीतल्या उघड्या वायफायपाशी येऊन थांबला. त्याआधीच, जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केले की आमची पथके रस्त्यांवर फिरून पासवर्ड नसलेली वायफाय शोधतील आणि मालकांना ती बंदिस्त करायला सांगतील. पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकी कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर दहा-पंधरा नावे सहज दिसतात आणि जवळपास प्रत्येक नावापुढे कुलपाची खूण असते. म्हणजे २००८ चा धडा आपण गिरवला, असे वाटते. पण कुलूप लावले कुणी? बहुतेक घरांत ते कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या माणसाने, जोडणी देताना पाच मिनिटांत लावले आहे. नाव त्याने ठेवले, पासवर्ड त्याने ठरवला आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड काय, हे त्याने सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. कोणता राउटर घ्यावा, फायरवॉल कोणती चांगली, हे प्रश्न त्यानंतरचे. आधीचा प्रश्न असा की घरातल्या त्या डबीवर हुकूम कुणाचा चालतो?

जिन्यातली तार

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून, मोडेमच्या किंचाळण्यासह येत असे. पाच-सहा वर्षांनी उपनगरांत केबलवाल्यांचे नेट आले. गच्चीवरून गच्चीवर तारा गेल्या, जिन्यात पत्र्याची पेटी बसली, पेटीत एक स्विच आणि त्यातून प्रत्येक घरात एक निळी किंवा करडी तार. तार थेट संगणकाच्या पाठीत जायची. मधे राउटर नाही आणि फायरवॉलही नाही. विंडोजच्या 'नेटवर्क नेबरहुड'वर टिचकी मारली की शेजारच्या विंगमधल्या मुलाचे शेअर केलेले फोल्डर दिसायचे, त्यातली गाणी उतरवून घेता यायची. त्या वेळी याची गंमतच वाटे.

गंमत फार काळ टिकली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. कुणी काही उघडायची, डाउनलोड करायची गरजच नव्हती. संगणक नुसता नेटला जोडलेला असला की पुरे, मिनिटभरात तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात सापडे. पुढच्या वर्षी सॅसरने तेच केले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी मोठी सुधारणा आणली आणि संगणकातली फायरवॉल पहिल्यापासूनच सुरू ठेवली. साधारण त्याच काळात घराघरांत वायफाय राउटर येऊ लागले. ते आले एकाच जोडणीवर दोन-तीन संगणक चालावेत म्हणून. संरक्षण हा त्यांचा अनपेक्षित लाभ ठरला.

आत नेमके काय चालते

घरातल्या फोन-लॅपटॉपचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे असतात. हे पत्ते जगभरच्या कोट्यवधी घरांत तेच आहेत आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. बाहेर दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. आतून गेलेली प्रत्येक मागणी राउटर स्वतःच्या नावावर पाठवतो, वहीत नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला देतो. या पत्तेबदलाला 'नॅट' म्हणतात. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनचा हाच नियम असतो: तुम्ही मागवलेले पार्सल वर जाईल, न मागवता आलेला माणूस खाली थांबेल. ब्लास्टरसारखा किडा राउटरमागच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही तो एवढ्याचसाठी. जोडणीची नोंद ठेवून आत काय सोडायचे हे ठरवणारी फायरवॉल दीड-दोन हजारांच्या राउटरमध्येही असते.

मात्र एक गोष्ट बदलली आहे आणि तिची चर्चा दुकानात होत नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगाला पुरेनासे झाले म्हणून आयपीव्ही६ आले. भारतात, मुख्यतः मोबाइल आणि फायबर कंपन्यांमुळे, निम्म्याहून जास्त इंटरनेट वापरकर्त्यांपर्यंत ते पोहोचले आहे. या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नसल्याने घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा, बाहेरून दिसू शकणारा पत्ता मिळतो. नॅटचा आपसूक मिळणारा आडोसा येथे नसतो. संरक्षण पूर्णपणे राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलवर अवलंबून असते. म्हणून नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ही फायरवॉल आहे का आणि ती सुरू आहे का, हे पाहावे. खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यांपेक्षा ही ओळ महत्त्वाची.

दुरून चालणारी सेटिंग

कंपनीने दिलेला राउटर कंपनी आपल्या कार्यालयातूनही चालवू शकते. त्यासाठी टीआर-०६९ नावाची ठरलेली पद्धत २००४ पासून आहे आणि तिच्यासाठी साधारणपणे ७५४७ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे राउटरचे एक दार, उघडे ठेवले जाते. तक्रार नोंदवली की माणूस घरी न येताच नेट सुरू होते, ते याच सोयीमुळे. पण हे पोर्ट फक्त कंपनीसाठी उघडे न ठेवता साऱ्या जगासाठी उघडे राहिले तर काय होते, हे नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीने पाहिले. डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एकाच वेळी कोलमडले.

पुढच्या वर्षी आपली पाळी आली. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम हजारोंच्या संख्येने बंद पडू लागले. मुंबईत एमटीएनएलची जोडणी तेव्हा पुष्कळ घरांत होती. 'ब्रिकरबॉट' नावाचा प्रोग्राम पोर्ट उघडे असलेल्या, कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेल्या मोडेममध्ये शिरून त्यांची आतली व्यवस्थाच पुसून टाकत होता. बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. तो पासवर्ड बहुतेकांच्या मोडेमवर 'अॅडमिन' हाच होता. मोडेम आणून बसवणाऱ्याने तो बदलला नव्हता आणि वापरणाऱ्याला तो असतो हेच ठाऊक नव्हते.

यावर उपाय दोन. पहिला फुकटचा. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर सेटिंगचा पत्ता, नाव आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून आतला पासवर्ड बदलायचा, 'रिमोट मॅनेजमेंट' बाहेरच्या जगासाठी बंद आहे ना ते पाहायचे. काही कंपन्या ग्राहकाला एवढेही करू देत नाहीत. तेव्हा दुसरा उपाय: कंपनीची फायबरची पेटी, म्हणजे ओएनटी, तशीच ठेवून तिच्यामागे स्वतःचा राउटर जोडायचा. कंपनीला सांगून ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकून घेता आली तर उत्तम. मग ती फक्त प्रकाशाचे संकेत तारेत उतरवते आणि बाकी सगळे नियम तुमचा राउटर पाळतो. त्यासाठी जोडणीचे यूजरनेम आणि पासवर्ड लागतात. ते मागून घ्यावेत, वहीत लिहून ठेवावेत. ब्रिज मोड मिळालाच नाही तरी मागे लावलेला स्वतःचा राउटर वाया जात नाही. ओएनटीचे वायफाय बंद करून सगळी उपकरणे आपल्या राउटरवर घ्यायची. पत्तेबदल दोनदा होतो, त्याने काही ऑनलाइन खेळांत अडचण येते. घरच्या रोजच्या कामात तो फरक जाणवतही नाही.

मोबाइल नंबरचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड म्हणून घरच्याच कुणाचा मोबाइल नंबर ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. दहा आकडी, लक्षात राहणारा, पाहुण्यांना सांगायला सोपा. त्याचे गणित मांडून पाहू. भारतीय मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता झाल्या जास्तीत जास्त ४०० कोटी. एखादा फोन वायफायला जोडला जाताना जी सांकेतिक देवाणघेवाण होते ती खालच्या रस्त्यावर उभ्या गाडीतूनही पकडता येते. ती एकदा हाती आली की पुढचा उद्योग घरी बसून चालतो. ताकदवान ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासू शकते. ४०० कोटी शक्यता संपायला लागतात ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटे. अंधेरीहून चर्चगेटला स्लो लोकलने जायला याहून फार कमी वेळ लागत नाही. आणि हल्लेखोराला तुमचा नंबर आधीच ठाऊक असेल, तर एवढाही वेळ लागायचा नाही.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, मधे एखादा आकडा टाकला, की वीस-पंचवीस अक्षरांचा पासवर्ड तयार होतो. तो पाठ होतो आणि यंत्राला वर्षानुवर्षे सापडत नाही. म्हणी आणि देवांची नावे मात्र नकोत, ती पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्यांत आधीच असतात.

राउटरवरची 'डब्ल्यूपीएस'ची सोयही अशीच घातक आहे. तिच्यामागे आठ आकडी पिन असते. कागदावर त्या दहा कोटी शक्यता, पण पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे प्रत्यक्षात ११,००० प्रयत्न पुरतात, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले. ही सोय बंद ठेवावी. सांकेतिक पद्धतींपैकी डब्ल्यूईपी २००१ मध्येच मोडीत निघाली होती. डब्ल्यूपीए२ २००४ ची आणि डब्ल्यूपीए३ २०१८ ची. डब्ल्यूपीए३ मध्ये देवाणघेवाण पकडून घरी बसून पासवर्ड शोधण्याचा मार्गच बंद केला आहे. नवा राउटर घ्यायचा तर तो डब्ल्यूपीए३ चालवणारा हवा.

खरेदीला निघताना

उपनगरी माणूस पूर्वी अशा खरेदीला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. आता मोठी दुकाने घराजवळ आली आणि बाकीचे मोबाइलवर. नावे तीच ती: टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर, असूस. डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि डिजिसोल हे नावही त्याच वसाहतीतल्या स्मार्टलिंकचे. दुकानदार अँटेना मोजून दाखवतो. चार अँटेना, सहा अँटेना. संरक्षणाशी अँटेनांचा संबंध नाही.

विचारायचे ते वेगळेच. या मॉडेलची फर्मवेअर, म्हणजे राउटरची आतली प्रणाली, शेवटची कधी सुधारली गेली? कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा क्रमांक टाकला की तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर कितीही सवलत असो, ते खोके परत ठेवावे. सुधारणा आपोआप बसते का? पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करता येते का? आयपीव्ही६ ची फायरवॉल आहे का? कोण केव्हा जोडले गेले याची नोंद राहते का? २००८ मध्ये सानपाड्यातल्या घरावर जी वेळ आली तसल्या वेळी कामाला येते ती ही नोंद.

जुना राउटर चालतो आहे, मग बदलायचा कशाला, हा आपला स्वभाव. पंखा आणि मिक्सर यांना तो लागू पडतो. राउटरला कंपनीने सुधारणा देणे थांबवले की त्यातली नंतर सापडलेली प्रत्येक फट कायमची उघडी राहते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले की 'व्होल्ट टायफून' या चिनी हेरटोळीने घरे आणि लहान कार्यालयांतले शेकडो राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याआडून हल्ले चालवले होते. त्यांपैकी बहुतेक सिस्को आणि नेटगिअरची सुधारणा बंद झालेली जुनी मॉडेल होती. ती चालत होती, मालकांना कसलीही तक्रार नव्हती.

ज्यांना हात मळवायची तयारी आहे त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा लिनक्सवर आधारलेला कोड २००३ मध्ये कंपनीला खुला करावा लागला, त्यातून ही मुक्त प्रणाली उभी राहिली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या पुष्कळ राउटरना ती नवे आयुष्य देते. विकत घेण्याआधी आपले मॉडेल तिच्या यादीत आहे का, एवढे पाहून ठेवावे.

घरातल्या घरात भिंत

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या करविषयक सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. जाळ्याच्या एका कोपऱ्यात शिरलेला प्रोग्राम आतल्या आत पसरत गेला. बाहेरची फायरवॉल अशा वेळी काही करू शकत नाही, कारण शत्रू आतच असतो.

घरापुरते याचे भाषांतर सोपे आहे. टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट प्लग, मुलांचे खेळण्याचे यंत्र यांना पाहुण्यांच्या वायफायवर ठेवावे. बँकेचे व्यवहार होतात ते फोन आणि ऑफिसचे काम होते तो लॅपटॉप मुख्य वायफायवर. कॅमेऱ्यात कुणी शिरले तरी त्याला लॅपटॉप दिसत नाही. 'यूपीएनपी' नावाची सोय उपकरणांना तुम्हाला न विचारता बाहेरचे पोर्ट उघडू देते, तीही बंद ठेवावी.

सोसायट्यांनी तर यात जातीने लक्ष घालायला हवे. फाटकावरचे, लिफ्टमधले कॅमेरे बसवणारा माणूस सेक्रेटरींना मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडतो आणि रेकॉर्डरचा पासवर्ड आहे तसाच ठेवून जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले सीसीटीव्हीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासात जे समोर आले त्यात सोपे, ठरावीक पासवर्ड हा मोठा दुवा होता.

आणि हे फक्त आपल्या घरापुरते नसते. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवर खोट्या मागण्यांचा प्रचंड लोंढा सोडण्यात आला, शहरातले नेट मंदावले आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. असे लोंढे कुठून येतात, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिले. 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातल्या साठेक पासवर्डांची यादी वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबरला त्यांतल्याच फौजेने अमेरिकेतल्या बड्या संकेतस्थळांचा मार्ग काही तास अडवला. त्या उपकरणांच्या मालकांच्या घरी सगळे नेहमीसारखे चालू होते.

वेगळी फायरवॉल कुणी घ्यावी

मुलुंडला घरातूनच काम करणारे सनदी लेखापाल, घाटकोपरला रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणारे डॉक्टर, अंधेरीला दोन खोल्यांत चालणारे वकिलांचे कार्यालय. यांच्या संगणकांत दुसऱ्यांची माहिती असते आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. त्यांनी राउटरपुढे स्वतंत्र फायरवॉलचा विचार करावा. दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या छोट्या संगणकावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स ही फुकट प्रणाली बसवता येते. आत येणाऱ्याबरोबर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरही तीत नियम घालता येतात. पण ती बसवून विसरायची वस्तू नव्हे. दर महिन्याला सुधारणा पाहणारा, नोंदी चाळणारा कुणी नसेल तर ते पैसे बॅकअपसाठी वेगळी डिस्क घेण्यात घालावेत.

बाकीच्या घरांना तिची गरज नाही. त्यांना लुटणारा बहुतेक वेळा राउटर फोडून येतच नाही. तो फोन करतो, स्वतःला पोलीस किंवा बँक अधिकारी म्हणवतो, व्हॉट्सअॅपवर लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने अॅपची फाइल पाठवतो. ती आपण आपल्या हाताने उघडतो आणि आतून बाहेर जाणारी वाहतूक म्हणून फायरवॉल तिला मुकाट वाट देते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधने २०१७ पासून उपलब्ध आहेत, त्यांनी फोन आणि संगणक तपासता येतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तर परत मिळण्याची आशा असते.

राउटरपुरता निकाल असा. सुधारणा मिळत असलेला, आतला पासवर्ड तुमच्या हातात असलेला दोन हजारांचा राउटर हा, कंपनीच्या भरवशावर सोडलेल्या दहा हजारांच्या राउटरपेक्षा अधिक सुरक्षित आहे. म्हणून नवा घ्यायला बाहेर पडण्याआधी घरातला उलटा करा, तळाची पट्टी वाचा, सेटिंग उघडा. आतला पासवर्ड बदला, वायफायचा बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, सुधारणा बसवा, कॅमेरे पाहुण्यांच्या वायफायवर टाका. अर्ध्या तासाचे काम आहे. सेटिंग उघडतच नसेल किंवा सुधारणा येणे थांबले असेल, तरच पाकीट काढा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत सीसीटीव्हीचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, एवढे विचाराच. उत्तर बहुधा मिळणार नाही, पण इतिवृत्तात प्रश्न नोंदवला जाईल आणि कुणाला तरी तो बदलावा लागेल.